शुक्रवारची राख आणि हंसराज

"वहिनी, असं एखादं झाड द्या, ज्याला पाणी नको, ऊन नको, खत नको आणि फुलं मात्र बारा महिने." रोपवाटिका चालवणाऱ्या बाईला हे वाक्य ऐकल्याशिवाय दिवस मावळत नाही. सुरुवातीला मी बिचारी समजावून सांगायची. पुढे पुढे शांतपणे म्हणायला लागले, "बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानाशेजारी प्लास्टिकची फुलं मिळतात. आठवड्यातून एकदा पुसली की झालं." काही जण हसायचे, काही रागावून निघून जायचे. रागावलेले बहुतेक परत यायचे, कारण तेव्हा आमच्या आसपास दुसरी रोपवाटिकाच नव्हती.

माझं माहेर पेणचं आणि सासर रोह्याला लागून असलेल्या वरसे गावचं. आमचे हे धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. घरामागे सासऱ्यांच्या हातची आंब्या-फणसाची गर्द राई होती. भर दुपारीसुद्धा तिथे उन्हाचे कवडसे मोजकेच पडायचे. मी हौसेनं गुलाब लावले, ते नुसते काठीसारखे उंच गेले. शेवंतीनं तर कळीसुद्धा धरली नाही. शेवटी मीच शहाणी झाले. सावली आहे म्हणून कपाळाला हात लावून बसण्यापेक्षा सावलीचाच धंदा करावा असं ठरवलं आणि नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास तिथेच सावलीतल्या झाडांची रोपवाटिका सुरू केली. कंपन्यांच्या वसाहती तेव्हा भरत होत्या. जिन्याखाली, मागच्या गॅलरीत, मोरीच्या कडेला लावायला लोकांना काहीतरी हिरवं हवं होतं. माझं बरं चाललं.

त्या सगळ्यात माझा जीव होता तो नेच्यांवर. पावसाळ्यात घाटातल्या दरडींवर, विहिरीच्या आतल्या अंगाला, पडक्या भिंतींच्या सांध्यांत जी नाजूक पानं लोंबताना दिसतात ते नेचे. त्यांना फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर तपकिरी रेघा नाहीतर ठिपके उठतात, त्यातून हळदीपेक्षा बारीक भुकटी उडते आणि ओल नि सावली मिळेल तिथे नवा नेचा धरतो. या घराण्यातला सगळ्यात देखणा हंसराज. काळा कुळकुळीत, तारेसारखा देठ आणि त्याच्या दोन्ही अंगांना अर्ध्या चंद्राच्या आकाराची कोवळी पानं. वरून पाणी शिंपडलं तर थेंब घरंगळून जातो, पान कोरडंच राहतं. हा काही परदेशातून आलेला पाहुणा नव्हे, आपल्याच मातीतला आहे. म्हणूनच की काय, लोकांना त्याची किंमत नसते.

त्या तपकिरी ठिपक्यांनी मला फार छळलं. वसाहतीतल्या एक मॅडम माझ्याकडून मोठ्या पानांचा नेचा घेऊन गेल्या आणि महिन्याभरात कुंडी घेऊन तणतणत आल्या. "तुम्ही मला कीड लागलेलं झाड दिलंत." पानं उलटून बघते तर ठिपके छान एका ओळीत, वहीवर आखल्यासारखे. मी म्हटलं, "मॅडम, कीड अशी ओळीनं बसत नाही. ही त्याची पोरंबाळं आहेत." त्यांचा चेहरा एकदम उतरला. आदल्याच दिवशी त्यांनी प्रत्येक पान रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढलं होतं. ती कुंडी मी ठेवून घेतली आणि त्यांना दुसरी दिली. पुढे त्याच मॅडम वसाहतीतल्या बायकांना पानं उलटी करून दाखवायला लागल्या, आणि माझी अर्धी जाहिरात त्यांनीच केली.

येईल त्याला मी एकच सांगायची, "ओल हवी, चिखल नको." नेच्याच्या मुळाशी दमटपणा लागतो, पण पाणी साचलं की जमिनीतला गड्डा कुजतो. सावली हवी, पण वारा अगदीच कोंडलेला नको. एवढं सांभाळलं की नेचा आपला आपण वाढतो. हे मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायची खरी, पण हंसराज काही केल्या माझ्याच हाती लागत नव्हता. बाकी सगळे नेचे माझ्याकडे सुखानं नांदायचे. हा मात्र पावसात लावला की पंधरा-वीस दिवस तोंडदेखला उभा राहायचा, मग पानं कडेनं करपायची आणि गड्डा काळा पडायचा. शेवटी मी तो विकणंच बंद केलं.

गंमत म्हणजे त्या काळात मी दिलेला एकच हंसराज जगला होता, तो पेणला. आमच्या माहेरच्या आळीत दत्ताभाऊ म्हणून गणपतीचे मूर्तिकार होते. त्यांच्या कारखान्यामागच्या ओल्या भिंतीशी मी तो लावून दिला होता. दत्ताभाऊंना झाडाझुडपांचं काडीचं वेड नाही. गणपतीच्या आधीचे चार महिने तर त्यांना जेवायची शुद्ध नसायची. मी विचारलं, "दत्ताभाऊ, करता काय तुम्ही याला?" ते म्हणाले, "काय करनार? बादल्या धुतो नि तिथंच ओततो." मी आपलं हसून सोडून दिलं. उत्तर माझ्या पुढ्यात ठेवलं होतं, पण तेव्हा मला ते दिसलं नाही.

खरा बहरलेला हंसराज मी पाहिला तो मिलकाबाईंकडे. मिलकाबाई रोह्यातल्या ज्यू घरातल्या. आमच्याकडे त्या लोकांची पूर्वी बरीच घरं होती. बोलणं आपल्यासारखंच, लुगडं आपल्यासारखंच, फक्त शनिवारी चूल पेटायची नाही. एकेक करून घरं इस्रायलला गेली आणि मिलकाबाईंच्या आळीत त्या एकट्याच उरल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा एलू तिकडे दिमोना नावाच्या गावी कारखान्यात होता.

पहिल्यांदा त्या माझ्याकडे सब्ज्याचं रोप घ्यायला आल्या. माझ्या करपलेल्या हंसराजाकडे बघून म्हणाल्या, "हा का असा उपाशी माणसासारखा दिसतो गो? माझ्याकडं ये, बघ कसा हाय तो." मी गेले. घरामागे फणसाखाली जुन्या विहिरीचा कठडा आणि त्याला लागून लांबच लांब हंसराजाचा गालिचा. असा मी दरडीवरही पाहिला नव्हता. तिथे बसल्या बसल्या त्यांनी मला त्याची कुळकथा सांगितली. त्यांचं माहेर पेणकडच्या खेड्यात. लग्न होऊन येताना आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून हंसराजाचा गड्डा दिला होता. तिकडे तो खोकल्याला उकळून देत. पुढे एलू लहान असताना त्याला डांग्या खोकला झाला. पोरगं निळं पडायचं. मिलकाबाईंनी हंसराजाचा काढा केला आणि एलियाहू नबीला मलिद्याचा नवस बोलल्या. मलिदा म्हणजे त्यांच्यातला आभार मानायचा विधी. गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून जमलेल्यांनी प्रार्थना करायची.

"पोर वाचलं. नबीनं वाचवलं का या पाल्यानं, ते मला ठाव नाय," त्या म्हणाल्या. "म्हनून मी दोघांचं बी उपकार मानते."

त्या दिवसापासून आमचं जमलं. मी दुकानदारीण, त्या गिऱ्हाईक, हे नातं कधी पुसलं गेलं ते कळलंच नाही. माझी सासू मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेली. बाळंतपणानंतरचा शेक, मुलांची दुखणी, ह्यांच्याशी झालेली भांडणं, सगळं मी मिलकाबाईंच्या ओटीवर नेऊन टाकायची. त्या ऐकायच्या आणि शेवटी ह्यांचीच बाजू घ्यायच्या, त्याचा मला राग यायचा. पण घरी परतताना मन हलकं असायचं.

मग एलूनं धोशा लावला. आई, आता एकटी राहू नकोस. मिलकाबाईंचे गुडघे धरलेले, विहिरीचं पाणी ओढणं जमेना. घरही विकायचं ठरलं. घेणारा तिथे गाळे काढणार होता, विहीर बुजवून मागे कोबा करणार होता. माणूस वाईट नव्हता. बाई जाईपर्यंत थांबतो म्हणाला. एलूनं थंडीतलं तिकीट काढायचं ठरवलं. आणि जूनमध्ये मिलकाबाई रिक्षानं माझ्याकडे आल्या, फणसाखालच्या दगडावर टेकल्या आणि म्हणाल्या, "शालू, माझा हंसराज तू घे. तुझ्याकडं लागला तर मी जाते. नाय लागला तर नाय जात."

मी म्हटलं, "असं काय करता? झाडासाठी कुणी मुलाला थांबवतं का?"

"ज्याच्या पाल्यानं माझा एलू जगला, त्याच्यावर कोबा टाकून एलूकडं जाऊ?"

जगातली सगळी झाडं सोडून त्यांनी माझ्याकडे तेच दिलं होतं, जे मला कधी जगवता आलं नव्हतं. झाडं मेलेली मी खूप पाहिली होती, पण कुणाचं म्हातारपण माझ्या कुंडीत कुणी लावलं नव्हतं.

पावसानं जोर धरल्यावर मी त्यांच्याकडून गड्डे उचलून आणले. राईतली उत्तम जागा निवडली, कुजलेला पाला घातला, शेणखत घातलं, लेकराला घालतात तसं सगळं घातलं. तो करपायला लागला. मग मला वाटलं, त्यांच्या विहिरीच्या पाण्यात काहीतरी असणार. ह्यांना भरीस घातलं. कंपनीतून सुटल्यावर स्कूटरच्या पायरीवर कॅन ठेवून हे रोह्यातनं विहिरीचं पाणी वरसेला आणायचे. बाहेर आभाळ फाटल्यासारखा पाऊस, आणि हा माणूस रेनकोट घालून पाण्याचा कॅन आणतोय. शेजारच्यांनी विचारलंच, "काय हो, वरशात पान्याची टंचाई झाली काय?" हे मला म्हणाले, "तुझ्या हंसराजापायी माझी शोभा झाली." पण आणायचं थांबवलं नाही, हे त्यांचं मी आजही मानते. उपयोग मात्र शून्य. मिलकाबाई विचारायच्या, "कसा हाय गो?" मी म्हणायची, "रुसलाय."

शेवटी मी ठरवलं, आपण काय करतो ते पुरे झालं. त्या काय करतात ते बघावं. एका शुक्रवारी सकाळीच जाऊन त्यांच्या मागच्या पडवीत बसले. त्यांना वाटलं, ही सहज आली.

शुक्रवार हा त्यांचा धांदलीचा दिवस. शनिवारी कशालाच हात लावायचा नाही, म्हणून शनिवारचं जेवण, पाणी, झाडलोट सगळं शुक्रवारी ऊन उतरायच्या आत. घरातली यच्चयावत भांडी, अगदी फळीवरची न वापरलेलीसुद्धा, त्या दिवशी बाहेर निघायची. मिलकाबाई पाटावर बसल्या. एका बाजूला नारळाचा काथ्या आणि चुलीतल्या राखेचं घमेलं. आम्ही सगळ्या एव्हाना साबणाच्या वडीवर आलो होतो. गॅस आला तशा आमच्या चुली गेल्या नि राख गेली. त्यांची पाणी तापवायची चूल मात्र होती आणि त्यांचा राखेशिवाय कशावर विश्वास नव्हता. भांडी घासली, धुतली. ते राखाडी पाणी मोरीतून दगडी पन्हळीत, पन्हळीतून विहिरीच्या कठड्याकडे, आणि तिथून झिरपत हंसराजाच्या मुळाशी. वरून एक थेंबही नाही. आणि दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे काहीच नाही. त्यालाही सुट्टी.

मी उठून हंसराजाखालची माती बोटानं उकरली. वर राखेचा पापुद्रा. खाली कठड्याच्या जुन्या चुन्याचे पडलेले तुकडे. आणि एकदम पेणचे दत्ताभाऊ आठवले. ते बादल्या धुऊन ओततात म्हणाले होते, त्या बादल्या मूर्तींवर देतात त्या पांढऱ्या हाताच्या, म्हणजे खडूच्या भुकटीच्या. इथे राख नि चुना, तिथे खडू, म्हणजे याला चुन्याचीच माती हवी. आणि मी शहाणी त्याला आमच्या राईतल्या आंबट लाल मातीत शेणखत चारत होते, वर उठसूट झारीनं अंघोळ घालत होते. सगळ्या नेच्यांना जे गोड लागतं तेच यालाही लागेल, हे मीच ठरवून टाकलं होतं.

"मिलकाबाई," मी म्हटलं, "तुमची राख द्या मला."

त्या म्हणाल्या, "राखेला कोन विचारून नेतं? घे की घमेलं भरून."

पुढचं सगळं घाईत झालं. बाजारपेठेत एक जुनं दुकान पाडत होते, तिथून चुनेगच्ची भिंतीचा राडारोडा हातगाडीवर आणला. राईत पाण्याचं पिंप होतं, त्याच्या वरच्या अंगाला जांभ्याच्या चिऱ्यांचा उतार रचला, सांध्यांत चुन्याचा राडा, पालापाचोळा आणि थोडी वाळू भरली. शेणखताला हात लावला नाही. मिलकाबाईंकडून उरलेल्यातले चांगले गड्डे आणून लावले. आणि मी घरात साबणाची वडी बंद करून राखेनं भांडी घासायला लागले. हातांची सालटी निघाली. मुली म्हणायच्या, आई, आपण गरीब झालो का? शुक्रवारचं ते पाणी मी चर काढून हंसराजाच्या पायथ्याशी सोडायची, आणि शनिवारी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

गणपती गेले तसं पहिलं नवं पान गुंडाळीतून उलगडलं. नवरात्रापर्यंत उतार भरून गेला. लांब पानं वाकून खालच्या अंगाला पिंपाकडे लोंबायला लागली. मिलकाबाई येऊन बघून गेल्या. त्यांनी काठीनं एक पान जरासं उचलून पाहिलं, खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "एलूला सांगते, तिकीट काढ." त्या दिवशी मी ह्यांच्यासाठी श्रीखंड केलं. मला इतका आनंद कुठल्याही धंद्यात झाला नव्हता.

पण दिवाळी झाली, थंडी पडली, हवा कोरडी झाली, आणि हंसराज सुकायला लागला. आधी पिवळा, मग तपकिरी. मी पाणी घातलं, पाणी तोडलं, राख वाढवली, राख बंद केली. महिन्याभरात उतारावर काळ्या काड्या उरल्या. आज मला ठाऊक आहे की आमच्याकडचा हंसराज कोरड्या दिवसांत वरून मरतो आणि गड्ड्यात झोपतो. त्याचा स्वभावच तो. पण मिलकाबाईंच्या विहिरीपाशी बारमाही ओल, म्हणून तिथे तो कधी पुरता सुकलाच नव्हता. आणि माझ्याकडे तो कधी दिवाळीपर्यंत टिकलाच नव्हता. त्यामुळे आम्हा दोघींपैकी कुणीच त्याला झोपलेला पाहिला नव्हता.

जायच्या आधीच्या आठवड्यात त्या त्याचा निरोप घ्यायला आल्या. मी फाटकाशीच त्यांना थोपवून चहाचं वगैरे विचारत होते. त्यांनी ओळखलं. "बाजूला हो गो," म्हणाल्या आणि काठी टेकत मागे गेल्या. उताराकडे नुसत्या बघत राहिल्या.

"गेला," त्या म्हणाल्या.

"झोपला असेल मिलकाबाई. गड्डा मऊ नाही पडलेला, मी बघितलंय."

"माझ्याकडं कधी झोपला नाय."

मलाही खात्री नव्हती. त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "एलूला फोन लावून दे. नाय येत म्हनून सांगते. घर घेनाऱ्याला म्हनावं, पुढची एक खोली ऱ्हाऊ दे मला." आठवडाभर आधी स्टेशनजवळच्या बूथमधून मिलकाबाईंना फोन लावून दिला, तेव्हा एलू माझ्याशीही बोलला होता. त्यानं घरात आईसाठी खाट टाकली होती, खिडकीशी. "शालूताई, तिला विमानात बसवा तेवढं," म्हणाला होता. मला त्या खाटेची आठवण झाली आणि मी तिथेच रडायला लागले. मोठी बाई, दोन मुलींची आई, काळ्या काड्यांसमोर उभी राहून रडतेय. मिलकाबाईंनाच मला धरावं लागलं.

"रडतेस काय? चल, तोंड धू," असं म्हणत त्यांनी मला पिंपाशी नेलं. माझं पिंप जुनं, तोटीखालून थेंब थेंब गळायचं. हे रोज म्हणायचे, दुरुस्त करतो, आणि करायचे नाहीत. मिलकाबाई पिंपाच्या दगडावर बसल्या, पायावर पाणी घ्यायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"शालू, हितं काय हाय बघ."

पिंपाच्या दगडाखाली, गळक्या तोटीच्या ओलीत, बोटभर उंचीचा हंसराज. एक नाही, चांगले तीन-चार. हिरवेगार. मी गुडघे टेकून पाहिलं. उतारावरच्या गड्ड्यातून निघालेलं एक लांब पान वाकत वाकत खाली आलं होतं. त्याचं टोक ओल्या जमिनीला टेकलं होतं आणि टेकलं तिथे त्यानं मूळ धरलं होतं. त्या रोपाचंही पान वाकून पुढे गेलं होतं. मागचा काळा देठ अजून तसाच होता, सुकलेला, पण तुटलेला नव्हता. हंसराज टोकानं चालतो, हे मी ऐकून होते. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

मिलकाबाईंनी तो सुकलेला देठ गड्ड्यापासून पोरापर्यंत बोटानं चाचपत नेला. परत एकदा नेला. मग म्हणाल्या, "पानी जिथं व्हतं तिथं पोर गेलं."

मी नाक पुसत होते. मला वाटलं, त्या झाडाबद्दल बोलताहेत.

"काठी दे माझी," त्या म्हणाल्या. "एलूचा फोन ऱ्हाऊ दे. आनि तुझ्या नवऱ्याला सांग, ती तोटी नीट करू नकोस."

दोन दिवसांनी त्यांनी मलिदा केला. पेण, अलिबागकडची त्यांची उरलीसुरली माणसं आली होती. प्रार्थनेला त्यांच्यात दहा पुरुष लागतात, तेवढे जमतील की नाही याची चिंता होती, पण जमले. हिब्रूतली प्रार्थना मला कळली नाही. मोठ्या ताटात गोड पोहे, खोबरं, केळी, खजूर, सब्ज्याची पानं. मिलकाबाईंनी पहिली मूठ पाहुण्यांना दिली आणि मग स्वयंपाकघरात मागे उभ्या असलेल्या मला हाक मारून पुढे बसवलं. म्हणाल्या, "हिचे पन आभार मानायचे हाईत." मी कुठल्याच देवाच्या दारात इतकी संकोचले नव्हते.

निघताना त्यांनी मला काही दिलं असेल तर ते राखेचं घमेलं आणि काथ्या. बाकी सामान भाचीकडे गेलं. मी म्हटलं, तिकडे भांडी कशानं घासाल? म्हणाल्या, "एलूची बायको मला हात लावू देनार हाय थोडीच."

त्या गेल्या आणि उन्हाळा आला. पिंपाखालची पिल्लं ओलीवर तग धरून राहिली. उतारावर मी काहीच केलं नाही. उकरायचा मोह व्हायचा, तो आवरला. मृग लागला आणि एका सकाळी त्या काळ्या काड्यांच्या मधून लालसर गुंडाळ्या वर आलेल्या दिसल्या. एक नाही, सगळ्या गड्ड्यांतून. मी चिखलाचे पाय घेऊन घरात धावले आणि ह्यांना म्हटलं, रोह्याला चला, फोन करायचाय. स्टेशनजवळच्या बूथमधून परदेशी फोन लागायला अर्धी सकाळ गेली. पलीकडून एलू म्हणाला, थांबा, देतो, आणि मग तोच आवाज.

"मिलकाबाई, जुना गड्डा फुटला. मेला नव्हता तो, झोपलाच होता."

पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं, फोन तुटला.

"ऐकलं का?"

"ऐकलं गो," त्या म्हणाल्या. आवाज जरा ओला होता. "म्हाताऱ्यास्नी बी पानी मिळालं की फुटतात म्हन."

"तुम्ही कशा आहात?"

"हितं सावली नाय, पाऊस नाय. नुसती वाळू. पन एलू कामावरनं येतो नि पयला पान्याचा गलास घेऊन माझ्याफुडं उभा. पी म्हनतो. दिवसभर पी पी." मग हसल्या. "आता तू माझ्या हंसराजाला करत व्हतीस तसं चाललंय त्याचं."

"शनिवारी तरी सुट्टी देतो की नाही?"

"शनवारी पन नाय," मिलकाबाई म्हणाल्या. "आनि मी पन नाय म्हनत नाय."

त्या तिथे नऊ वर्षं जगल्या. रोपवाटिका आता धाकटी मुलगी बघते. तिच्याकडे विकायला परदेशी नेचे आहेत, तुषार सिंचन आहे, मोठ्या शहरांतली गिऱ्हाईकं आहेत. पिंप बदललं, पण मी तोटी गळकीच ठेवायला लावली. हंसराज आता राईच्या पार टोकापर्यंत चालत गेला आहे. आणि माझ्या घरी भांडी घासायला बाई येते, तरी शुक्रवारची भांडी मी स्वतः राखेनं घासते. कुणी विचारलं तर सांगते, झाडासाठी. शनिवारी मी हंसराजाकडे जात नाही. मिलकाबाईंसारखी खिडकीशी बसते आणि पेल्यातलं पाणी पिते.